सोळा कप्प्यांची पेटी

स्प्रूस लेनच्या तोंडाशी सोळा कप्प्यांची टपालपेटी आहे.
तिला काही झालं नाही.
डाव्या अंगाचा रंग तेवढा फोड येऊन सोललाय,
उन्हात फार वेळ राहिलेल्या पाठीसारखा.
तिच्या मागची अकरा घरं नाहीत.

हॅलिफॅक्सच्या या कडेला मी नऊ वर्षं टपाल टाकते.
कुणाला बियाण्यांचे कॅटलॉग, कुणाला कोर्टाची पाकिटं,
लीलंड झ्विकरला महिन्याकाठी बहिणीचं एक पोस्टकार्ड,
हे मला ठाऊक. तोंडं फारशी माहीत नव्हती.
लोक इथे झाडांसाठी आले होते,
आणि झाडं म्हणजे शेजारी न दिसण्याची सोय.

त्या साली बर्फ कमी पडला.
मे महिन्यात शेवाळ पायाखाली कुरकुर मोडत होतं.
रविवारी दुपारी वारा उठला
आणि तळ्यापलीकडून धूर आला, आधी पिवळट,
मग असा, की रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले.

रस्ता एकच. यायचा तोच, जायचा तोच.
त्याच्या दोन्ही बाजू गाड्यांनी भरल्या,
सगळ्यांची तोंडं एकीकडे.
रोझलिन बुटिलियेनं कागदपत्रांची पेटी समजून
ओल्या कपड्यांची टोपली उचलली
आणि चाळीस किलोमीटर ती मांडीवर घेऊन बसली.
"निदान धुतलेले होते," असं नंतर म्हणाली.

बंबावर गावातलीच माणसं: एक गवंडी, शाळेचा बसचालक.
बसचालक स्वतःच्या घरावरून पुढे गेला,
कारण पुढच्या घरात एक म्हातारा दार उघडत नव्हता.
पाण्याचे खांब या वस्तीत कधी बसवलेच नव्हते.
पाणी तळ्यात,
आणि तळं आगीच्या पलीकडे.

बाराव्या दिवशी नाका उघडला.

तळ्याकाठच्या उद्यानातून आता महामार्ग दिसतो,
पूर्वी नुसता ऐकू यायचा.
पायवाट आहे. ती कशामधून जाते ते उरलेलं नाही.
पक्ष्यांच्या चित्रांचा फलक वितळून
सुतार नि खंड्या एकमेकांत मिसळलेत.
बाकाचे लोखंडी पाय, आणि राखेत पितळी पट्टी:
‘हॅरिएट, जिला इथे बसायला आवडायचं.’

माती वरून गार. खाली मुळांमुळांतून आग चालत राहिली;
जूनमध्ये, दोन दिवस पाऊस होऊनही,
एक उभं झाड कुणी न ढकलता आडवं झालं.
वनखात्याची बाई गुडघ्यांवर बसून
उघड्या तळहातानं जमीन चाचपत होती,
चटका बसेल तिथे लाल निशाण रोवत.

पत्ते मात्र जळत नाहीत.
माझ्या यादीत सोळाच्या सोळा आहेत.
विजेचं बिल आलं: वापर शून्य, भरणा अठरा डॉलर.
छप्पर दुरुस्तीची जाहिरात आली, ती मी टाकली नाही.
हे नियमात बसत नाही.

टपाल दुसरीकडे वळवून घ्या, मी सांगते, अर्ज देते.
ते मान हलवतात नि संध्याकाळी पुन्हा येतात,
कुठल्या कुठल्या मोटेलांतून, मेहुण्यांच्या तळघरांतून.
जुडग्यातली पुढल्या दाराची किल्ली बाजूला सारतात,
मागल्या दाराची, शेडची,
मग ती छोटी सापडते. कुलपात जाते.
फिरते.
काही जण कप्पा रिकामा असला तरी
बंद करून पुन्हा एकदा उघडतात.

काल झ्विकर रोझलिनला म्हणाला,
"तुम्ही चार नंबरच्या ना? तुमच्याकडून पियानो यायचा.
मला इतकी वर्षं वाटलं, रेडिओ आहे."
"आणि मला वाटायचं," ती म्हणाली, "कुणाला ऐकू जात नसेल."
तो पोस्टकार्ड उलटसुलट करत राहिला.

तेवढ्यात वारा फिरला.
आम्ही तिघांनीही एकदम नाकं वर केली.
काही नव्हतं, ओली राख होती.
तरी लगेच कुणी बोललं नाही.